नर लॅब्रेडॉरचं मेटिंग: ठरवण्याआधी

‘एकदा तरी मेटिंग करून द्या, नाहीतर तो चिडका होईल,’ हा सल्ला नर लॅब्रेडॉर पाळणाऱ्या घरांना हमखास मिळतो. त्याला शास्त्रीय आधार नाही. समागमाविना नराच्या तब्येतीला काहीही अपाय होत नाही.

खरा प्रश्न आनुवंशिकतेचा आहे. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेझिया, पिढ्यान् पिढ्या उतरतो. सुदृढ दिसणारा, उड्या मारणारा कुत्राही तो पिल्लांना देऊ शकतो. म्हणून दोन वर्षं पूर्ण झाल्यावर खुब्याचे आणि कोपरांचे एक्स-रे काढावेत, डोळे तपासावेत. कागदावरची वंशावळ या तपासण्यांची जागा घेऊ शकत नाही.

नर आणि मादी दोघांचीही ब्रुसेला रक्तचाचणी हवी. या जंतूने गर्भपात होतो आणि तो माणसालाही लागू शकतो. समागमातून पसरणारी टीव्हीटी ही गाठ आपल्याकडे सर्रास आढळते, त्यामुळे जननेंद्रियांची तपासणी टाळू नका.

केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार विक्रीसाठी प्रजनन करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही.

गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. एका वेळी सात-आठ पिल्लं सहज होतात. मेटिंगच्या बदल्यात नराच्या मालकाला बहुधा एक पिल्लू मिळतं. बाकीची कोणत्या घरी जाणार, हे त्यानेही आधीच विचारायला हवं. उत्तर मिळालं नाही, तर नकार द्यावा आणि डॉक्टरांशी नसबंदीबद्दल बोलावं.