आगळ, कुलूप आणि आई

धाराशिवच्या आमच्या नव्या घराचे सारे काम उरकले होते. घोडे अडले होते ते दाराच्या कुलपापाशी. दार काही साधेसुधे नव्हे बरे का! उमरग्याकडच्या आमच्या जुन्या वाड्याच्या सागवानी फळ्या रंधून, जोडून सुतारमामांनी ते बनविलेले. त्याला शोभेलसे कुलूप आणा, असा सौभाग्यवतींचा हुकूम सुटला.

मामांना घेऊन दुकान गाठले. कुलपाचे माझे ज्ञान किल्लीपुरतेच. तेव्हा मामांनी तिथेच शिकवणी सुरू केली. "भाऊ, मॉर्टिस कुलूप फळीच्या पोटात खाच पाडून बसवतात. पाऊण इंचाची खाच घेतली, तर सव्वा इंची दाराला दोन्ही अंगांनी पाव-पाव इंचच लाकूड उरतं. आपली फळी दोन इंची आहे, चिंता नाही. पातळ दाराला आतून वर बसणारं कुलूपच बरं."

दुसरा धडा मापाचा. किल्लीचे भोक दाराच्या कडेला फार जवळ आले, तर किल्ली फिरवताना बोटांची सालडी चौकटीला घासून निघतात. तिसरा धडा चोराचा. चोर कुलपाशी झटत बसत नाही. चौकटीवरची पट्टीच उपटतो. म्हणून तिचे स्क्रू चांगले लांब, चौकटीच्या लाकडात खोल गेलेले हवेत.

दुकानदाराने सर्वांत महागडे कुलूप पुढे केले. आतून किल्ली, बाहेरूनही किल्ली! मी ते ऐटीत घरी आणले. आईने हातात घेऊन उलटसुलट पाहिले नि विचारले, "अरे, पण रात्री ही किल्ली ठेवायची कुठं?"

मी गप्पच झालो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी गणपती बोळवलेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा तो भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर नि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. आमच्या वाड्याच्या दाराला आतून लाकडी आगळ होती. आईने मिट्ट काळोखात चाचपडत ती सरकवली आणि आम्हां दोघा भावंडांना ओढत अंगणात आणले. मागोमाग वाडा बसला. त्या वेळी किल्ली शोधावी लागली असती तर?

दुसऱ्या दिवशी कुलूप बदलून आणले. बाहेरून किल्ली, आतून नुसती फिरवायची मूठ. मूठ खाली, आईच्या हाताला येईल अशा उंचीवर बसवली. एक खबरदारी मात्र घेतली: हात घालून मूठ फिरवता येईल अशी काच किंवा जाळी दाराजवळ ठेवली नाही.

आईने डोळे मिटले, चाचपून मूठ फिरवली. दार उघडले. "आता बरोबर," ती म्हणाली.

वाचकहो, दिवाळीत दारापुढे पणत्या लावालच. त्या विझल्यावर एकदा घरातले सारे दिवे मालवा आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या नि सर्वांत धाकट्या माणसाला दार उघडायला सांगा. कुलूप बरोबर निवडले की नाही, ते तेव्हा कळेल.