रिकाम्या जागेचा प्रश्न : लंडनच्या कॅम्डेन बरोतील निवडणुका आणि पोटनिवडणुका

उत्तर लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील क्रमांक १० चे घर महाराष्ट्राला परिचित आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्ययन करीत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात पंतप्रधानांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. पुढे मात्र एक अडचण उपस्थित झाली. नियोजनाच्या नोंदींत ही वास्तू निवासी होती. तिचा वापर संग्रहालयासाठी करावयाचा तर स्थानिक कौन्सिलची परवानगी आवश्यक होती. निवासी जागा कमी होते या कारणास्तव कौन्सिलने २०१८ मध्ये ती परवानगी नाकारली. त्यावर अपील करण्यात आले, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश शासनातील संबंधित मंत्र्यांनी परवानगी दिली. एका राज्याच्या शासनाने घेतलेल्या वास्तूचा वापर कसा व्हावा, हा प्रश्न प्रथम ज्या संस्थेपुढे गेला ती संस्था म्हणजे ‘लंडन बरो ऑफ कॅम्डेन’ची कौन्सिल होय.

‘बरो’ हा शब्द महाराष्ट्रात अगदीच अपरिचित नाही. मुंबई इलाख्यात १९२५ च्या म्युनिसिपल बरोज अ‍ॅक्टनुसार मोठ्या शहरांच्या नगरपालिकांना ‘बरो म्युनिसिपालिटी’ म्हणत. सोलापूरची नगरपालिका त्यांपैकीच एक होती. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने तो कायदा रद्द झाला आणि त्याबरोबर हा शब्दही मागे पडला. लंडनमध्ये तो आजही रूढ आहे. १९६३ च्या लंडन गव्हर्नमेंट अ‍ॅक्टने महानगराची ३२ बरोंमध्ये पुनर्रचना केली. सिटी ऑफ लंडन तेवढे वेगळे राहिले. हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पँक्रास या तीन जुन्या बरोंचे एकत्रीकरण होऊन १ एप्रिल १९६५ रोजी कॅम्डेन बरो अस्तित्वात आला. त्याच्या कौन्सिलची पहिली निवडणूक तत्पूर्वीच, मे १९६४ मध्ये झाली होती.

घरबांधणी व घरांचे वाटप, वृद्ध आणि निराधारांची देखभाल, ग्रंथालये, कचरा उचलणे, वाहनतळांचे नियमन, इमारतींच्या बांधकामास व वापरातील बदलास परवानगी ही सर्व कामे बरो कौन्सिलकडे आहेत. कॅम्डेनमध्ये मेयर हे मानाचे पद असून त्यासाठी सदस्य दरवर्षी आपल्यापैकी एकाची निवड करतात. प्रत्यक्ष कारभार कौन्सिलचा नेता आणि त्याचे मंत्रिमंडळ पाहते. हा नेताही सदस्यांनीच निवडलेला असतो.

कौन्सिलमध्ये कोण बसतो आणि कोणास तेथे बसता येत नाही, यावर कोणते प्रश्न चर्चेला येतात हे ठरते, याची एक जुनी साक्ष सेंट पँक्रासच्या इतिहासात आहे. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ हे १८९७ पासून तेथील व्हेस्ट्रीचे आणि १९०० ते १९०३ या काळात नव्या बरो कौन्सिलचे सदस्य होते. कॅम्डेन हाय स्ट्रीटवर स्त्रियांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह असावे, हा प्रस्ताव त्यांनी लावून धरला. पुरुषांसाठी अशी सोय रस्तोरस्ती झाली होती. स्त्रियांच्या सोयीचा विषय निघताच मात्र अनेक सभासदांना संकोच वाटू लागला. नियोजित जागा रहदारीस अडथळा करील, हे सिद्ध करण्यासाठी तेथे लाकडी प्रतिकृती उभारण्यात आली. येणारी-जाणारी वाहने तिच्यावर आदळली आणि विरोधकांना हवा तो पुरावा मिळाला. अखेर स्वच्छतागृह झाले; परंतु त्यास काही वर्षे लागली.

या चर्चा होत असताना कौन्सिलमध्ये एकही स्त्री नव्हती, आणि ती असूही शकत नव्हती. जुन्या व्हेस्ट्रींवर १८९४ पासून स्त्रियांना निवडून येता येत असे. १८९९ च्या कायद्याने व्हेस्ट्रींच्या जागी बरो कौन्सिले आणली, तेव्हा हा अधिकार काढून घेण्यात आला आणि तो परत मिळण्यास १९०७ साल उजाडावे लागले. ज्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्या राज्यातील वाचकांना या प्रसंगावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

याच सेंट पँक्रासच्या कौन्सिलवर १९३४ मध्ये मजूर पक्षातर्फे व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले आणि १९४७ पर्यंत ते सदस्य राहिले. ग्रंथालयांच्या कामाकडे त्यांनी विशेष लक्ष पुरविले. पुढे बरोने त्यांना आपले सन्माननीय नागरिकत्व अर्पण केले. १९५७ आणि १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेलेल्या या नेत्याने निवडणुकीचे राजकारण लंडनच्या एका प्रभागात केले होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

निवडणुकीची पद्धत

लंडनमधील सर्व बरोंच्या सार्वत्रिक निवडणुका दर चार वर्षांनी, मे महिन्यातील पहिल्या गुरुवारी होतात. २०२२ पासून कॅम्डेनमध्ये २० प्रभाग आणि ५५ जागा आहेत. पंधरा प्रभागांतून प्रत्येकी तीन व पाच प्रभागांतून प्रत्येकी दोन सदस्य निवडले जातात. मुंबई वगळता महाराष्ट्रातील महानगरपालिकांतही बहुसदस्यीय प्रभाग आहेत. पण दोन्ही पद्धतींत एक मूलभूत भेद आहे. आपल्याकडे प्रभागातील अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते आणि तीस तिचे आरक्षण लागू असते. कॅम्डेनमध्ये प्रभागातील सर्व उमेदवारांची नावे एकाच मतपत्रिकेवर असतात. मतदार तीनपर्यंत, अथवा प्रभाग दोन सदस्यांचा असल्यास दोनपर्यंत, नावांपुढे फुली करतो आणि सर्वाधिक मते मिळविणारे तितके उमेदवार निवडून येतात. आरक्षण नाही. मतदानयंत्रही नाही; कागद, पेन्सिल आणि हाताने केलेली मोजणी, एवढ्यावरच सारे भागते.

उमेदवारी अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक, अशा दोन मतदारांच्या सह्या पुरेशा असतात. अनामत रक्कम भरावी लागत नाही; संसदेच्या निवडणुकीत मात्र ती ५०० पौंड आहे. मतदान सकाळी सात ते रात्री दहापर्यंत चालते. पूर्वी मतदाराने नाव व पत्ता सांगितला की मतपत्रिका मिळे. २०२२ च्या कायद्यानुसार मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुलातील नागरिकांना मताधिकार आहे. साहजिकच भारतीय पारपत्र असलेला पुणे वा नागपूरचा रहिवासी कॅम्डेनमध्ये राहत असेल, तर तेथील मतदारयादीत त्याचे नाव नोंदविले जाऊ शकते.

प्रत्येक प्रभागात बहुमताने निवड होत असल्यामुळे मिळालेली मते आणि मिळालेल्या जागा यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. २००६ मध्ये कॅम्डेनमधील ५४ पैकी २० जागा लिबरल डेमोक्रॅट, १८ मजूर, १४ हुजूर व २ हरित पक्षाला मिळाल्या आणि कोणासही बहुमत नव्हते. २०२२ मध्ये ५५ पैकी ४७ जागा मजूर पक्षाकडे गेल्या. विरोधी बाकांवर आठच सदस्य असतील, तर त्यांतील एक जागा रिकामी होणे किंवा तीत एकाची भर पडणे याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

दोन मतदारांचे पत्र

सदस्याचा मृत्यू, लेखी राजीनामा किंवा अपात्रता यांमुळे जागा रिक्त होते. कौन्सिलची संमती न घेता सलग सहा महिने एकाही सभेस न आलेल्या सदस्याचे पदही संपुष्टात येते. १९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टमध्ये यानंतरची जी व्यवस्था आहे, ती लक्षात घेण्याजोगी आहे. जागा रिक्त झाल्याचे अपात्रतेसारख्या प्रसंगी कौन्सिल वा उच्च न्यायालय जाहीर करते. अन्य प्रसंगी बरोमधील कोणत्याही दोन मतदारांनी कौन्सिलच्या अधिकाऱ्यास जागा रिक्त असल्याचे लेखी कळविले की पस्तीस दिवसांच्या आत पोटनिवडणूक घ्यावीच लागते. या दिवसांत शनिवार, रविवार व सुट्या धरल्या जात नाहीत. पत्र मिळाल्यावर निवडणूक घ्यावी की न घ्यावी, हे ठरविण्याची मुभा कोणासही नाही.

व्यवहारात हे पत्र बहुधा राजकीय पक्षांचेच कार्यकर्ते देतात आणि ते कोणत्या दिवशी द्यावयाचे याचा हिशेबही तेच करतात. एखादी अन्य निवडणूक जवळ असेल तर दोन्ही मतदाने एकाच दिवशी यावीत म्हणून पत्र थोडे लांबविले जाते. ही व्यवस्थेतील फट होय. परंतु एखाद्या पक्षाने विलंब लावला, तर दुसऱ्या कोणत्याही दोन मतदारांना पत्र देता येते. त्यामुळे ती फार रुंदावत नाही. मुदत संपण्यापूर्वीच्या शेवटच्या सहा महिन्यांत जागा रिक्त झाल्यास सामान्यतः पोटनिवडणूक होत नाही. एक तृतीयांशाहून अधिक जागा रिकाम्या असतील तरच या नियमास अपवाद होतो.

कॅम्डेनमधील अलीकडची काही उदाहरणे पाहता येतील. ५ मे २०२२ च्या निवडणुकीत हॅम्पस्टेड टाउन या दोन सदस्यांच्या प्रभागातून एक हुजूर व एक मजूर उमेदवार निवडून आला. मजूर पक्षाच्या नवनिर्वाचित सदस्याने थोड्याच दिवसांत राजीनामा दिला आणि ७ जुलै रोजी, म्हणजे सार्वत्रिक निवडणुकीनंतर नऊ आठवड्यांनी, तेथे पुन्हा मतदान झाले. त्यात लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा विजय झाला. ४ जुलै २०२४ च्या संसदीय निवडणुकीत कॅम्डेनचे तीन सदस्य वेगवेगळ्या मतदारसंघांतून हाउस ऑफ कॉमन्सवर गेले. कौन्सिलच्या तत्कालीन नेत्या त्यांतील एक होत्या. एकाच व्यक्तीने दोन्ही पदे भूषविण्यास तेथील कायद्याची आडकाठी नाही. तरीही त्या तिघांच्या केंटिश टाउन साउथ, कॅम्डेन स्क्वेअर आणि किलबर्न या प्रभागांत ५ सप्टेंबर २०२४ रोजी पोटनिवडणुका झाल्या.

ही व्यवस्था कधी खंडित झालीच नाही, असे नव्हे. कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये इंग्लंडमधील स्थानिक निवडणुका आणि पोटनिवडणुका कायद्यानेच पुढे ढकलण्यात आल्या. कॅम्डेनमधील फॉर्च्यून ग्रीन, वेस्ट हॅम्पस्टेड यांसारख्या प्रभागांतील मतदारांना रिक्त जागा भरण्यासाठी ६ मे २०२१ या दिवसाची वाट पाहावी लागली. तीन सदस्यांच्या प्रभागात एक जागा रिकामी राहिली तरी गाऱ्हाणे नेण्यास दोघे उरतात. बहुसदस्यीय प्रभागाचा हा लाभ त्या काळात प्रत्ययास आला.

महाराष्ट्रात ही जबाबदारी वेगळ्या प्रकारे सोपविलेली आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये स्थापन झालेला राज्य निवडणूक आयोग ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या सार्वत्रिक निवडणुका व पोटनिवडणुका घेतो आणि त्यांचा कार्यक्रम जाहीर करतो. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, हे संविधानाच्या अनुच्छेद २४३-यू मध्ये स्पष्ट आहे. तथापि आरक्षण व प्रभागरचना यांविषयीची प्रकरणे न्यायालयांत दीर्घकाळ चालल्यामुळे मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपूनही तिच्या २२७ जागांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. राज्यातील अन्य २८ महानगरपालिकांचे मतदानही त्याच दिवशी पार पडले. लंडनच्या कायद्यातील दोन मतदारांचे पत्र एका जागेपुरते आहे. मुदत संपलेल्या संपूर्ण सभागृहास ते उपयोगी पडणार नाही. आपल्याकडील एखाद्या प्रभागातील वा ग्रामपंचायतीतील एकच जागा रिक्त असेल, तर मात्र ही तुलना विचारात घेण्यासारखी आहे, कारण तेथील मतदाराला कार्यक्रम जाहीर होईपर्यंत थांबण्यावाचून मार्ग नसतो.

पोटनिवडणुकीत विजयी झालेल्या सदस्यास कॅम्डेनमध्ये नवी चार वर्षे मिळत नाहीत; ज्याच्या जागी तो आला त्याची उर्वरित मुदत तेवढी मिळते. निवडीनंतर दोन महिन्यांच्या आत त्याने पदस्वीकाराच्या घोषणापत्रावर स्वाक्षरी करून ते अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावयाचे असते. तसे न झाल्यास जागा पुन्हा रिक्त होते.