गाण्याला इयत्ता कुणी लावल्या?

आमच्या भजनी मंडळातल्या एका वहिनींनी परवा विचारलं, "गाण्याच्याही परीक्षा असतात म्हणे. शाळेसारख्या इयत्ता गाण्याला कुणी लावल्या?"

पूर्वी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं. मर्जी झाली तर एखादी चीज पदरात पडायची. घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला तर ती वाट बंदच.

ही वाट मोकळी करणाऱ्यांत एक होते कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथं ठरलेला अभ्यासक्रम होता, वर्ग होते, परीक्षा होत्या. पुस्तकं हवीत म्हणून त्यांनी छापखानाही घातला. पुढं कर्जापायी मुंबईतली शाळेची इमारत हातची गेली, पण परीक्षा टिकल्या. त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापून त्या गावोगावी नेल्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा त्या पायऱ्या.

दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे, मुंबईचे वकील. देशभर हिंडून त्यांनी घराण्यांत जपून ठेवलेल्या चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीसह छापल्या. 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग निघाले, तेही आधी मराठीत. त्यांची लिपी सोपी आहे. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. 'म'च्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र. टिंब खाली असेल तर खालचं सप्तक, वर असेल तर वरचं. फुली म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या बाईला हे जड नाही.

मात्र मींड कशी घ्यायची, ते कागदावर कळत नाही. त्याला शिकवणाराच समोर लागतो. मी प्रवेशिकेला बसले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. पुस्तक तोंडपाठ, पण परीक्षकांनी भूप गायला सांगितला नि घसा कोरडा पडला. शेजारची पाचवीतली पोर खुशाल गात होती!

वहिनींना मी प्रारंभिकचं पुस्तक दिलंय. त्यात हातानं टाळी-खाली दाखवत ठेका म्हणायचा असतो. त्या म्हणाल्या, "अगं, हे तर मी भाकरी थापताना रोज करते." येत्या गुरुवारी भजन संपल्यावर आम्ही दोघी दादऱ्यापासून सुरुवात करणार आहोत.