गोदामातली पायपीट

दौलताबादजवळ माळीवाड्याला रेल्वेचा कंटेनर डेपो आहे, समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे आणि वाळूजची एमआयडीसीही लांब नाही. माल येण्याजाण्याला असा मोक्याचा हा पट्टा. इथल्याच एका गोदामात दुचाकीचे सुटे भाग ठेवतात. ऑर्डरचा माल रॅकमधून काढणाऱ्या पोराच्या, म्हणजे पिकरच्या, मागे मागे मी फिरत होतो.

त्याच्या हातात पिक लिस्ट. पहिली ओळ ब्रेक शूची, रॅक दाराजवळ. दुसरी क्लच केबलची, पार शेवटच्या रांगेत. तिसरी ऑइल फिल्टरची, म्हणजे पुन्हा दाराकडे. बिनमधून, म्हणजे रॅकच्या कप्प्यातून, डबी काढून ट्रॉलीत टाकायला त्याला क्षणच लागायचा, सगळा वेळ जायचा तो तिथवर पोचण्यात. पिकरचा जवळजवळ निम्मा वेळ नुसत्या चालण्यात जातो, हे गोदामशास्त्राच्या पुस्तकांत वाचलं होतं. इथे ते त्याच्या घामेजलेल्या पाठीवर दिसत होतं.

डीलरनं ज्या क्रमानं माल मागवला, त्याच क्रमानं लिस्ट छापली जात होती. ती रॅकच्या क्रमानं छापली, तर एका रांगेतून आत आणि शेजारच्या रांगेतून बाहेर, अशा एकाच फेरीत काम उरकतं. चार डीलरांच्या लहान ऑर्डरी असतील, तर ट्रॉलीत चार क्रेट ठेवून त्या एकदमच काढता येतात. यासाठी नवीन यंत्र घ्यावं लागत नाही.

मग मांडणी. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा हाताशी असतो आणि मोठं पातेलं माळ्यावर, तसंच इथे हवं. रोज उठणारा माल पॅकिंगच्या टेबलाजवळ, कंबर ते खांदा या उंचीत. सायलेन्सरसारखा जड माल खाली, पण वाकून कंबर धरेल इतका खालीही नको. कोणता माल जवळ ठेवायचा हे किमतीवरून ठरवू नये, तो किती वेळा काढावा लागतो ते बघावं. पावसाळ्यात आणि दसरा-दिवाळीत मागणी बदलते, तेव्हा जागाही बदलाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं.

चुकीचा माल गेला, तर वाचवलेली सगळी मिनिटं वाया जातात. डावा आणि उजवा इंडिकेटर शेजारी-शेजारी ठेवले, पार्ट नंबरात शेवटचाच आकडा वेगळा असला, की घाईत हात चुकतोच. असे जुळे भाग मुद्दाम लांब ठेवावेत आणि बिनचा बारकोड स्कॅन झाल्याशिवाय लिस्ट पुढे सरकू देऊ नये. इथल्याच दौलताबादच्या किल्ल्याला, म्हणजे तेव्हाच्या देवगिरीला, 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीनं वेढा घातला, तेव्हा धान्य समजून घाईनं किल्ल्यात नेलेल्या गोणींत मीठ निघालं, अशी हकिगत इतिहासकार फिरिश्तानं लिहून ठेवली आहे. देवगिरीचा राजा रामदेवराय याला तह करावा लागला. आत काय आहे हे गोणी उचलतानाच बघायचं असतं.

म्हणूनच तासाला अमुक ओळी काढा, असा टार्गेटचा फलक आधी भिंतीवर लावणं मला पटत नाही. रॅक चुकीच्या जागी असताना टार्गेट वाढवलं, की पोरं धावतात, गुडघे जातात आणि परत येणारा मालही वाढतो. कुठल्या बिनसाठी उगाच फेरी पडते, हे त्या पोराला तोंडपाठ होतं. चालता चालता त्यानं मला एकामागून एक रॅक दाखवले. त्याला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.