रोजंदारीचं स्वातंत्र्य आणि बुडालेला रोज

नारायणगावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. जुन्नर, आंबेगाव आणि अकोले तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातले बाया-गडी घोळक्याने उभे असतात. शेतकरी पिकअप घेऊन येतो, टोमॅटो तोडायला किती बाया हव्यात ते सांगतो, रोज ठरतो आणि टोळी गाडीत चढते. उन्हं वर आली की मागे राहिलेले कमी पैशांतही तयार होतात. ज्यांना कुणीच नेलं नाही, त्यांचा दिवस बुडाला.

ब्रिटनमध्ये अशा नोकरीला ‘झीरो अवर्स’ करार म्हणतात. मालक एका तासाचंही काम देण्यास बांधील नसतो. बोलावलं तर काम आणि केलं तेवढाच पगार. तिथे सुमारे दहा लाख लोक असे राबतात. मात्र किमान वेतन आणि केलेल्या कामाच्या प्रमाणात भरपगारी रजा हे हक्क त्यांनाही आहेत. न्यूझीलंडने तर 2016 मध्ये कायदा करून असे एकतर्फी करार मोडीत काढले. आपल्याकडच्या मजुराच्या हातात करारच नसतो.

सोय कुणाची?

तरीही ही पद्धत सरसकट वाईट म्हणता येणार नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन गडाच्या पायथ्याशी वसलेलं घाटघर घ्या. इथला पाऊस धो धो, पण शेती पावसाळ्यापुरती. आषाढात भाताची लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी. मग खाचरं कोरडी पडतात आणि जुन्नरच्या या पश्चिम पट्ट्यातली माणसं कामासाठी पूर्वेच्या बागायतीकडे उतरतात. बारमाही नोकरी धरली तर लावणी कोण करणार? रोजंदारीवरचा माणूस लावणीला, हिरडा गोळा करायला, घरच्या लग्नाला परत येऊ शकतो. आज ज्याने नीट वागवलं नाही, त्याच्या शेतावर उद्या जायचं नाही, एवढी मोकळीक त्याला असते. मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड जोडप्याला ती नसते. उचल फिटेपर्यंत त्याला फडातून हलता येत नाही.

पण या मोकळिकीची किंमत मजूर एकटा मोजतो. टोमॅटोचा भाव पडला की शेतकरी तोडा थांबवतो. त्याचं नुकसान मोठंच असतं. पण तोडणारीचा रोज त्याच दिवशी बंद होतो आणि त्या तोट्याची नोंद कुठेच होत नाही. अवकाळी पाऊस झाला, ताप आला, बाळंतपण आलं, तरी तेच. पुढच्या महिन्यात किती मिळेल हे सांगता येत नाही, म्हणून बँक दारात उभं करत नाही. आईबापांबरोबर गाव सोडलेल्या पोरांची शाळा सुटते, ती वेगळीच.

हमालाला मिळालं ते

यावर उपाय शोधायला परदेशात जायची गरज नाही. रोज वेगळा मालक असलेल्या हमालांसाठी महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली चळवळ होती. कायद्याने कामगार आणि मालक दोघांची मंडळाकडे नोंदणी केली. मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी भागवायचं. मालक बदलले तरी कामगाराची पुंजी साठत राहिली. बाजार समितीतल्या हमालीला या कायद्याचं छत्र आहे. शेतात तोच टोमॅटो तोडून क्रेट भरणारी बाई मात्र त्याच्या बाहेर आहे.

दुसरा आधार रोजगार हमीचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा राज्याने 1977 मध्ये कायदा केला. 2005 च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी दिली. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, शक्यतो पाच किलोमीटरच्या आत, आणि काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, असं त्यात लिहिलं होतं. गावाजवळ असं काम खरोखर मिळतं, तेव्हा बाजारात उभ्या राहणाऱ्या बाईला पडेल भावाला ‘नाही’ म्हणता येतं.

‘नाही’ म्हणता आलं, तरच रोजंदारीला स्वातंत्र्य म्हणावं. त्यासाठी नारायणगावसारख्या बाजारात मजुरांची नोंदणी व्हावी, बाजार समितीच्या यार्डात येणाऱ्या मालावर नाममात्र आकार बसवून त्यातून अपघात विमा आणि आजारपणाचा निधी उभारावा, आणि घाटमाथ्यावरच्या गावांना कापणीनंतर लगेच हमीचं काम द्यावं. माथाडी मंडळं चालवणाऱ्या राज्याला हे अवघड नाही.