हलत्या यकृतावर अचूक नेम

यकृत स्थिर नसतं. श्वास घेतला की श्वासपटल खाली सरकतं आणि यकृतही एक-दोन सेंटीमीटर खाली ढकललं जातं. त्यातली कर्करोगाची गाठ किरणांनी नष्ट करायची, तर ही पहिली अडचण. दुसरी त्याहून मोठी: संपूर्ण यकृताला साधारण ३० ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणमात्रेचं एकक) जास्त मात्रा सोसत नाही आणि गाठीला तर बरीच जास्त लागते. म्हणून कितीतरी वर्षं इथे किरणोपचाराचा फारसा विचारच होत नसे.

वाट सापडली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर हेन्रिक ब्लोमग्रेन आणि भौतिकशास्त्रज्ञ इंगमार लॅक्स यांनी रुग्णाला खास चौकटीत झोपवलं, पोटावर दाब देऊन श्वासाची हालचाल कमी केली आणि अनेक दिशांनी किरणशलाका गाठीवर एकवटल्या. प्रत्येक शलाका एकटी सौम्य. गाठीत मात्र सगळ्यांची बेरीज होते. डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ एकत्र बसले म्हणून हे साधलं, याचं मला फार मोल वाटतं.

आता सीटी स्कॅन श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावर गाठ कुठे आहे ते दाखवतो. काही वेळा गाठीजवळ सोन्याचे बारीक कण खूण म्हणून ठेवतात. उपचार बहुधा तीन ते पाच बैठकांत संपतात. निदान ७०० घनसेंटीमीटर निरोगी यकृत जास्त मात्रेपासून राखायचं, असा दंडक असतो. जठर किंवा आतडं गाठीला लागून असेल तर मात्रा कमी करावी लागते आणि सिऱ्होसिसनं यकृत फारच खालावलं असेल, तर बहुधा हा उपचार टाळतात.