होळकरांची ड्यूसेनबर्ग, शिवडीची शेव्हरलेट

१९२८ च्या डिसेंबरात दोन अमेरिकी मोटारी एकाच वेळी जन्माला आल्या. एक न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात, १ तारखेला: इंडियानापोलिसच्या ड्यूसेनबर्ग कंपनीचं ‘जे’ मॉडेल, २६५ अश्वशक्तीचं. दुसरी आपल्या शिवडीत. जनरल मोटर्सनं बंदराजवळ जुळणीचा कारखाना काढला होता आणि त्यातून पहिली शेव्हरलेट त्याच महिन्यात बाहेर पडली, ३५ अश्वशक्तीची. परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे ऐकू यावेत इतक्या अंतरावर.

शेव्हरलेटला मुंबईनं पोटाशी धरलं. ड्यूसेनबर्ग एका मराठी संस्थानिकाच्या दारी गेली. अमेरिकेत बनलेली, दुर्मीळ, कशाशीच तडजोड न करणारी मोटार मराठी माणसाच्या मालकीची कधी होती का, असं कुणी विचारलं तर उत्तर इंदूरच्या होळकरांपाशी येऊन थांबतं.

ड्यूसेनबर्ग बंधू मूळचे जर्मन. फ्रेड आणि ऑगस्ट लहानपणीच आईबरोबर अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गेले. इंजिनियरिंगची पदवी दोघांकडेही नव्हती. फ्रेड सायकली बनवायचा, शर्यतीत पळवायचा, आणि तिथूनच इंजिनाकडे वळला. १९२१ साली ल मान इथे झालेली फ्रेंच ग्रां प्री त्यांच्या गाडीनं मारली. सरावात अपघात झालेला जिमी मर्फी बरगड्यांना पट्ट्या बांधून बसला होता आणि तोच जिंकला. अमेरिकी गाडीनं ती शर्यत जिंकण्याची ती पहिली वेळ. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही त्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये जिंकली. धंद्यात मात्र दोघे भाऊ कच्चे. १९२६ मध्ये ई. एल. कॉर्ड नावाच्या उद्योगपतीनं कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला मोकळीक दिली: जगातली सगळ्यात मोठी, सगळ्यात वेगवान, सगळ्यात उत्तम गाडी कर, खर्चाचं मी बघतो.

कारागिराला असा मालक जन्मात एकदा भेटतो. फ्रेडनं त्याचं सोनं केलं.

‘जे’चं इंजिन एका ओळीत आठ सिलिंडरचं, ६.९ लिटरचं. वर दोन कॅमशाफ्ट, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. ही मांडणी त्या काळी शर्यतीच्या गाड्यांत असे, रस्त्यावरच्या गाडीत क्वचितच कुणी ती घालत असे. लांबलचक क्रँकशाफ्ट थरथरू नये म्हणून त्याच्या अंगाला पाऱ्यानं भरलेल्या नळकांड्या बसवल्या होत्या. पूर्ण भरलेल्या नव्हे, शंभरात चौऱ्याण्णव भाग. उरलेल्या जागेत पारा हिंदकळायचा आणि शाफ्टची थरथर आपल्या अंगावर घ्यायचा. हे सगळं बाहेरून कुणाला दिसणार नव्हतं, तरीही केलं. इंजिनाला रंग मात्र हिरव्या सफरचंदाचा, बोनेट उघडल्यावर लोकांनी बघत राहावं असा.

१९३२ मध्ये त्यावर सुपरचार्जर चढवून ‘एसजे’ आली: ३२० अश्वशक्ती. दुसऱ्या गिअरमध्येच ताशी १०४ मैल पळते, असा कंपनीचा दावा होता. म्हणजे १६७ किलोमीटर, आणि अजून तिसरा गिअर बाकी. बोनेटच्या कुशीतून बाहेर आलेले क्रोमचे जाडजूड लवचिक पाइप ही तिची खूण. त्याच वर्षी जुलैत फ्रेड स्वतः अशी गाडी चालवत असताना पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरात अपघात झाला. त्यातून तो सावरतोय असं वाटत असतानाच न्यूमोनिया झाला आणि २६ जुलैला तो गेला. कंपनी पुढे १९३७ पर्यंत टिकली. ‘जे’ मालिकेच्या सगळ्या मिळून पाचशेच्या आत गाड्या झाल्या, त्यांतल्या कारखान्यातूनच सुपरचार्जर लावून निघालेल्या जेमतेम छत्तीस.

कंपनी गाडी विकायची ती नुसता सांगाडा आणि इंजिन. वरचं अंग गिऱ्हाइकानं आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायचं. होळकरांनी ते काम लंडनच्या गर्नी नटिंग यांना दिलं.

यशवंतराव होळकर दुसरे गादीवर कसे आले ते मुंबईकरांना निराळं सांगायला नको. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारीनं अडवली आणि त्याला गोळ्या घातल्या. शेजारी मुमताज बेगम बसली होती, इंदूर दरबारातून पळून आलेली. वाटेनं परतणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून तिला वाचवलं. मुंबई हायकोर्टात खटला गाजला. इंदूरच्या सरदार आनंदराव फणश्यांची वकिली बॅरिस्टर जिनांनी केली. धागे दरबाराकडे जातात म्हटल्यावर इंग्रजांनी यशवंतरावांचे वडील, महाराज तुकोजीराव, यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले: चौकशीला तोंड द्या, नाही तर गादी सोडा. २६ फेब्रुवारी १९२६ ला त्यांनी गादी सोडली आणि सतरा वर्षांचा यशवंतराव महाराज झाला. मराठी राजघराण्याची गादी मलबार हिलवरच्या मोटारींच्या टकरीत पालटली, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हा मुलगा ऑक्सफर्डात शिकला. त्याची आवड त्याच्या वयाच्या कुठल्याही संस्थानिकापेक्षा वेगळी. इतर राजे झुंबरं आणि सोन्याचे पाय असलेले पलंग मागवत असताना यानं एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडून माणिकबाग महाल बांधून घेतला: सरळ रेषा, धातूचं आणि काचेचं सामान, नक्षीला फाटा. मान रे त्याचे फोटो काढायचा, ब्रांकुशीची शिल्पं त्याच्या संग्रहात होती. पागेत बेंटली होती, इस्पानो-सुइझा होती, अल्फा रोमेओ होती. अशा माणसाला ड्यूसेनबर्ग आवडावी यात नवल नाही. दोघांचाही स्वभाव एकच: जे करायचं ते निखळ, आणि किमतीकडे पाठ फिरवून.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर तयार झालेली त्याची एसजे बघाल तर आधी डोळ्यांत भरतो तो रंग. भगव्याकडे झुकणारा केशरी आणि काळा. ‘जे’चा लांब सांगाडा असा होता की पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतरच जवळजवळ ३.९ मीटर. आपली मारुती ८०० नाकापासून शेपटापर्यंत ३.३ मीटरची, ती या दोन आसांमध्ये आडवी झोपली असती आणि वर जागा उरली असती. असा सांगाडा सहसा सातजणांच्या लिमोझिनसाठी घेत. होळकरांनी त्यावर दोनच माणसांची स्पीडस्टर करून घेतली. निम्मी गाडी बोनेटच. पुढच्या बाजूला एक तांबडा आणि एक निळा दिवा होता. गाडीत खुद्द महाराज आहेत की दुसरं कुणी, ते पोलिसांना लांबूनच कळावं म्हणून, असं सांगतात.

आत बसल्यावर समोर ताशी १५० मैलांपर्यंत आकडे असलेला स्पीडोमीटर. शेजारी इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी, स्टॉपवॉच, ब्रेकचा दाब सांगणारा काटा आणि चक्क समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यंत्र. याखेरीज काही छोटे दिवे. दर ७०० मैलांनी एक पेटायचा: तेल बदला. १,४०० मैलांनी दुसरा: बॅटरीचं पाणी बघा. सांगाड्याचे सांधे तर गाडी चालता चालता आपले आपण वंगण घालून घ्यायचे. ब्रेकसाठी एक छोटा खटका होता आणि त्याला चार खुणा: कोरडा रस्ता, पाऊस, हिम आणि बर्फ. माळव्यात शेवटच्या दोन खुणांचा उपयोग शून्य. पण फ्रेडनं गाडी माळव्यासाठी केलीच नव्हती, आणि अमुक एका रस्त्यासाठीही केली नव्हती.

गाडी चालवायला मात्र हातात ताकद हवी आणि नजरेत सबुरी. दोन टनांहून अधिक वजन, आणि बोनेट एवढं की वळणावर नाक आधी जातं, माणूस मागून. मुंबई ते इंदूर आग्रा रोडनं सुमारे ६०० किलोमीटर. शीवपुढे ठाणे, कसारा घाट, नाशिक, धुळे, सातपुडा, नर्मदा. त्या काळच्या अरुंद, बैलगाड्यांनी भरलेल्या रस्त्यावर ३२० अश्वशक्तीतली साठही कुठे लागली असती? उंचीच्या काट्याला तेवढं कसाऱ्यात काम मिळालं असतं.

असली गाडी मालकाला परवडते याचा अर्थ नुसता पैसा नव्हे. रस्ता अडवणारा पोलीस मालकाचाच, पेट्रोलचा हिशेब विचारणारं कुणी नाही आणि बिघडली तर दुसऱ्या गाडीत बसायचं. गाडीनं तडजोड केली नाही, कारण तिच्याभोवतीचे सगळे करत होते.

किमतीचंच बघा. नुसता सांगाडा सुरुवातीला ८,५०० डॉलरला होता. त्या दशकातल्या भावानं तेवीसेक हजार रुपये, त्यात गर्नी नटिंगची मजुरी धरलेली नाही. त्याच सुमारास मुंबईच्या गिरणी कामगाराला महिन्याला तीसेक रुपये मिळत. पगारकपातीवरून १९३४ मध्ये गिरणगाव संपावर गेलं होतं. डिलाईल रोडच्या चाळीतल्या कामगारानं एक पैही न खाता साठवलं असतं तरी नुसत्या सांगाड्याला चौसष्ट वर्षं लागली असती. मला ही गाडी मनापासून आवडते. म्हणूनच हा हिशेब करून ठेवावासा वाटतो.

शिवडीच्या शेव्हरलेटची गोष्ट अगदी उलटी. तिच्या अंगाअंगात तडजोड. सुटे भाग खोक्यांतून बंदरात उतरायचे, पुष्कळदा कॅनडातल्या ओशावाहून, कारण उजव्या हाताचं स्टिअरिंग तिथे तयार व्हायचं. शिवडीत ते जुळवायचे आणि मोटार, लॉरी, बस, जे लागेल ते वर चढवायचं. गिरगावात ऑपेरा हाऊसच्या परिसरात मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्या भागांचा बाजार आजही तिथे आहे. तिथे नाही मिळालं तर चोरबाजार. गाडी बंद पडली तर मिस्त्री रस्त्याच्या कडेला तिच्याखाली झोपायचा आणि एका कंपनीचा भाग कानशीनं घासून दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसवायचा. त्या हातांनी ड्यूसेनबर्गही दुरुस्त केली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पाऱ्याच्या नळकांड्यांकडे बघून दोन शिव्या हासडल्या असत्या, एवढंच.

१९५३ मध्ये सरकारनं धोरण आखलं: इथेच गाडी बनवायची तयारी असेल तर राहा, नुसत्या जुळणीला परवानगी नाही. पुढच्या वर्षी शिवडीचा कारखाना बंद झाला. वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवत होती, ती बनवायच्या वाटेला लागली आणि टिकली. त्या भल्यामोठ्या अमेरिकी गाड्या नंतर बरीच वर्षं मुंबईत टॅक्सी म्हणून फिरल्या. ट्रंकेत ट्रंका, मागे अख्खं कुटुंब, निघाले दादर स्टेशनवर पाहुण्यांना पोचवायला. शेवटी फियाटनं त्यांची जागा घेतली.

यशवंतराव ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईतच वारले. १९७१ अखेर तनखे बंद झाले आणि संस्थानिकांच्या पागा रिकाम्या होत गेल्या. पुष्कळ गाड्या परदेशी गेल्या. होळकरांची केशरी ड्यूसेनबर्गही आज अमेरिकेत आहे, तिथल्या संग्राहकांच्या प्रदर्शनांत दिसते. तिच्या भाईबंदांची किंमत कळायची तर एवढं पुरे: सिनेनट गॅरी कूपरची आखूड सांगाड्याची ड्यूसेनबर्ग २०१८ च्या लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली.

आणि आजच्या मुंबईत? वरळी सी फेसवर रविवारी सकाळी इटालियन आणि जर्मन सुपरकार गुरगुरताना दिसतात, अमेरिकी क्वचितच. कारण स्टिअरिंगमध्ये आहे. भारतात आयात करायच्या गाडीचं सुकाणू उजवीकडे हवं, आणि डॉज वायपर, फोर्ड जीटी, सलीन एस-७ या गाड्या डाव्या सुकाणूच्याच निघाल्या. शेव्हरलेटची कॉर्व्हेट १९५३ पासून बनते, पण कारखान्यातून उजव्या सुकाणूची आली ती थेट आठव्या पिढीत, २०२० नंतर. तोवर जनरल मोटर्सनं भारतात गाड्या विकणं थांबवलं होतं, २०१७ च्या अखेरीस. शिवाय गाडी आणलीच तर पळवायची कुठे? कोस्टल रोडवर मर्यादा ताशी ८० ची, बोगद्यात ६० ची. ड्यूसेनबर्गनं तो सगळा रस्ता पहिल्याच गिअरमध्ये संपवला असता.

ड्यूसेनबर्ग ‘जे’ची जवळजवळ प्रत्येक गाडी तिकडच्या अभ्यासकांनी इंजिनाच्या क्रमांकानिशी नोंदवून ठेवली आहे: कुणी घेतली, कुणाला विकली, कुठे रंगवली. शिवडीच्या कारखान्याचं असं दफ्तर कामगारांच्या घरांतूनच जमणार आहे. नायगाव, शिवडी, काळाचौकी, लालबागच्या एखाद्या खोलीत माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा कारखान्यातला गटाचा फोटो, पगाराची चिठ्ठी, बिल्ला किंवा हत्यारांची पेटी पडलेली असेल, तर खोली पुनर्विकासाला देण्याआधी ती ट्रंक एकदा उघडा. फोटोच्या मागे नावं लिहून ठेवा, आणि घरात ठेवणं जमत नसेल तर शहराचा इतिहास जपणाऱ्या एखाद्या संग्रहालयाकडे द्या. भंगारवाल्याला मात्र देऊ नका.